निजामी टपालाचं पाकीट कसं वाचावं

मराठवाड्यातल्या जुन्या घरांत माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली की शेतसाऱ्याच्या पावत्या, लग्नपत्रिका, खरेदीखतं यांच्यामध्ये एखादं पिवळं पडलेलं पाकीट सापडतं. वर तपकिरी तिकीट, त्यावर अगम्य वळणाची अक्षरं, आणि पत्ता मोडीत किंवा उर्दूत. घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘निजामाच्या काळातलं आहे’, आणि पाकीट पुन्हा पेटीत जातं. नाहीतर तिकीट फाडून नातवाच्या वहीत चिकटवलं जातं. हा लेख त्या पाकिटासाठी आहे.

औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे जिल्हे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाचं टपालखातं स्वतःचं, तिकिटं स्वतःची, नाणं स्वतःचं आणि सनसुद्धा वेगळा. ही चार कोडी सुटली की पाकीट बोलायला लागतं. त्यासाठी उर्दू यायलाच हवी असं नाही. एक भिंग, एक चिमटा, एक वही आणि थोडी चिकाटी एवढं पुरतं.

पहिलं काम: तिकीट सोडवू नका

हे सगळ्यात आधी सांगतो, कारण इथे झालेली चूक परत दुरुस्त होत नाही. मी सुरुवातीला एका पाकिटावरची दोन तिकिटं कोमट पाण्यात सोडवून घेतली. तिकिटं छान निघाली, पण शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर होता. पाण्यात पाकिटावरची शाई पसरली, गावाचं नाव गेलं. ती दोन तिकिटं आजही माझ्याकडे आहेत आणि ती कुठून कुठे गेली हे आता कुणालाच कळणार नाही.

सुटं निजामी तिकीट बहुतेक वेळा स्वस्त असतं. १८७१ पासूनच्या मालिकेतलं अर्ध्या आण्याचं तांबूस तपकिरी तिकीट वर्षानुवर्षं छापलं गेलं, ते आजही ढिगाने मिळतं. पण तेच तिकीट आपल्या तालुक्याच्या शिक्क्यासह, पत्त्यासह, मागच्या बाजूच्या पोचण्याच्या शिक्क्यासह पाकिटावर टिकलं असेल तर तो इतिहासाचा पुरावा असतो. म्हणून पाकीट जसं आहे तसं ठेवा. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. घडी उलगडताना कागद कडकडत असेल तर थांबा. आतलं पत्र बाहेर काढलंत तर ते कोणत्या पाकिटातलं याची नोंद त्याच क्षणी करा. पाकीट आणि पत्र यांची ताटातूट फार सहज होते.

मग दोन्ही बाजूंचा फोटो किंवा स्कॅन घ्या. स्कॅन ६०० डीपीआयवर करा, म्हणजे पुसट शिक्का पडद्यावर मोठा करून पाहता येईल. इथून पुढचं सगळं काम त्या स्कॅनवर करायचं. मूळ कागद जितका कमी हाताळला जाईल तितकं बरं.

तिकीट कोणाचं ते ठरवा

पाकिटावर राजाराणीचा मुखवटा असेल, म्हणजे व्हिक्टोरिया, एडवर्ड किंवा जॉर्ज, तर ते ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीट. निजामाच्या नेहमीच्या तिकिटांवर कुणाचा चेहरा नसतो. मध्ये फारसी-उर्दू वळणाची अक्षरं आणि भोवती वेगवेगळ्या लिप्यांत किंमत, अशी त्यांची ठेवण.

भिंग घ्या आणि चौकटीच्या कडेकडेने फिरवा. इंग्रजी लगेच दिसेल, उर्दूही ओळखू येईल, गोलसर वळणाची तेलुगूही. आणि मग एका बाजूला, अगदी बारीक, देवनागरी. ‘आणा’ हा शब्द वाचता आला की मनाला जे वाटतं ते सांगून समजणार नाही. लंडनमध्ये कोरलेल्या तिकिटावर परभणीच्या शेतकऱ्याला वाचता यावं म्हणून मराठी घातलेली होती. संस्थानाचा कारभार आधी फारसीत आणि पुढे उर्दूत चालला, मराठीला सरकारी दारात फार मान नव्हता. तरी टपालाला तिच्यावाचून चालत नव्हतं.

पहिलं तिकीट ८ सप्टेंबर १८६९ चं, एक आण्याचं, शेवाळी हिरव्या रंगाचं. ते लंडनमध्ये तयार झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत निजाम अफझल-उद-दौला वारले होते आणि गादीवर आलेले मीर महबूब अली खान जेमतेम अडीच वर्षांचे होते. कारभार दिवाण सालारजंग पाहत होते. महसूल, न्याय, जिल्ह्यांची रचना यांची जी घडी त्यांनी बसवली, तिच्यातच टपाल येतं.

पुढच्याच वर्षी, मे १८७० मध्ये, अर्धा आणा आणि दोन आणे अशी दोन तिकिटं संस्थानातच कोरून घेतली गेली. ही माझी सगळ्यात आवडती. कारागिराने पूर्ण तावातलं प्रत्येक तिकीट हाताने वेगळं कोरलं, त्यामुळे एका तावावर २४० तिकिटं आणि २४० तऱ्हा. दोन तिकिटं शेजारी ठेवा, भिंगातून पाहा: एकाचा ठिपका थोडा वर, दुसऱ्याची रेघ थोडी तिरकी. छापखान्याच्या कामात हाताची थरथर अशी क्वचितच दिसते. १८७१ पासून मात्र लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन कंपनीकडून एकसारखी तिकिटं येऊ लागली आणि ती मालिका विसाव्या शतकापर्यंत चालली.

तिकिटावर आडव्या-तिरक्या उर्दू अक्षरांची जादा छपाई दिसली तर ते बहुधा ‘सरकारी’ असं लिहिलेलं असतं. म्हणजे कचेरीचं पत्र. तहसील, अदालत, पोलीस यांचे कागद अशा तिकिटांवर गेले. घरात पाटीलकी, कुलकर्णीपण किंवा वकिली असेल तर अशी पाकिटं हमखास निघतात.

१९३१ पासून चित्रांची तिकिटं येतात आणि ओळखणं सोपं होतं. दोन आण्यांवर चारमिनार. १९३७ मध्ये मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाची चार तिकिटं निघाली, त्यांतल्या एक आण्याच्या तिकिटावर उस्मानिया विद्यापीठ आहे. हे तिकीट हातात आलं की मला पुढचं वर्ष आठवतं. १९३८ मध्ये वसतिगृहात वंदे मातरम् म्हटलं म्हणून त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं गेलं आणि त्यांतल्या कितीतरी मुलांनी नागपूर विद्यापीठाची वाट धरली. नागपूर ब्रिटिश मुलखात. म्हणजे घरी खुशाली कळवायची तर त्या मुलांच्या पत्रावर जॉर्ज बादशहाचं तिकीट आलं. मराठवाड्यातल्या एखाद्या घरात १९३९ चं नागपूरहून आलेलं पत्र असेल तर ते जरूर जपा.

शेवटच्या काळातली तिकिटं म्हणजे वरंगळ किल्ल्यातली काकतीय कमान, गोवळकोंड्याचा किल्ला, हैदराबादचं वीजघर. ती १९४७ ते १९४९ ची.

सन काढा

नवशिक्याची सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून सावकाश वाचा.

आधी अंक शिका. उर्दूतला एक म्हणजे उभी रेघ. दोन आणि तीन हे काठीला वर उजवीकडे वळण दिल्यासारखे, तीनला एक दात जास्त. पाच बदामासारखा गोल. सात वर तोंड उघडलेल्या नरसाळ्यासारखा आणि आठ तेच नरसाळं पालथं घातल्यासारखा, तंबूसारखा. नऊ आपल्या इंग्रजी नऊच्या जवळचा. शून्य म्हणजे फक्त ठिपका, आणि तो शिक्क्यात बहुतेक वेळा पुसलेला असतो. चार आणि सहा लिहिण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतात, त्यांना चार-पाच पाकिटं पाहिल्यावर डोळा सरावतो. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात, पण आकडे आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. हे विसरलात तर ५३ चे ३५ होतील.

आता सन. निजामी कागदांवर दोन सन भेटतात, हिजरी म्हणजे मुसलमानी चांद्र सन आणि फसली म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचा सन. मोहरम, सफर, रज्जब, रमजान असा महिना असेल तर हिजरी. आजर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबहिश्त, खुरदाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान यांपैकी असेल तर फसली. मराठवाड्यातल्या जुन्या जमिनीच्या कागदांत हीच नावं आहेत, त्यामुळे ज्यांनी कधी वडिलोपार्जित शेतीचा वाद निस्तरला असेल त्यांना ती नवी नाहीत.

विसाव्या शतकातल्या निजामी फसली सनात वर्षाची सुरुवात आजर महिन्याने, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होते. म्हणून आजर, दै, बहमन या तीन महिन्यांना फसली सनात ५९० मिळवा आणि इस्फंदारपासून आबानपर्यंत ५९१. बहमन डिसेंबरमधून जानेवारीत जरासा घुसतो, तेवढं ध्यानात ठेवा.

एक उदाहरण करू. शिक्क्यावर तीर १३४४ आहे. तीर हा आठवा महिना, म्हणजे ५९१ मिळवायचे: १९३५. तीर साधारण मे-जूनमध्ये येतो. म्हणजे पत्र १९३५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी गेलं, पेरणीच्या तोंडावर. आतला मजकूर बियाण्याचा किंवा बैलाचा निघाला तर नवल वाटायला नको.

हिजरीसाठी रीत वेगळी, कारण ते वर्ष चांद्र आणि लहान. हिजरी सनाला ३३ ने भागा, आलेला आकडा सनातून वजा करा, ६२२ मिळवा. १२८६ घ्या: भागाकार ३९, वजा करून १२४७, मिळवून १८६९. अगदी पहिल्या तिकिटाचं वर्ष. ही रीत एखाद्या वर्षाने इकडेतिकडे होते, नेमकी तारीख हवी असेल तर जंत्री, म्हणजे दोन्ही सनांच्या तारखा जुळवून दाखवणारी कोष्टकं, लागेल.

दोन्ही सनांची गल्लत झाली तर चूक मोठी होते. वरचंच १३४४ फसलीऐवजी हिजरी धरलं तर उत्तर १९२५ येतं. तब्बल दहा वर्षं मागे. म्हणून आकड्याआधी महिना वाचा. महिना पुसलेला असेल तर तिकीट कोणत्या सालचं ते पाहा. १९३१ मध्ये निघालेलं चारमिनार १९२५ च्या पत्रावर असू शकत नाही.

आणखी एक सूचना पुणे, सातारा, नगरकडच्या वाचकांना. मुंबई इलाख्यातला फसली सन मृगापासून, जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचा. तुमच्या घरच्या कागदांना निजामी रीत लावू नका.

हाली की कलदार

तिकिटावर आणे-पै लिहिलेत म्हणजे ते ब्रिटिश आणे-पै नव्हेत. संस्थानाचा रुपया तो हाली सिक्का, पुढे उस्मानिया सिक्काही म्हणत. ब्रिटिश रुपया तो कलदार. सरकारी भाव सात हालीला सहा कलदार. आमच्याकडे म्हातारी माणसं हुंड्याची रक्कम सांगताना अजूनही ‘कलदार दिले’ असं ठसक्यात म्हणायची, त्याचं कारण हा फरक.

वहीत टपालहशील, म्हणजे पत्राचा टपालखर्च, लिहिताना पुढे ‘हाली’ असं जोडा. तिकिटांच्या किमती ४ पै, ८ पै, १ आणा ४ पै अशा का, हेही आण्याच्या १२ पै धरल्यावर कळतं: आण्याचा तिसरा हिस्सा, दोन तृतीयांश, एक आणा आणि एक तृतीयांश.

पत्र कुठून कुठे गेलं

निजामी तिकीट संस्थानाच्या हद्दीपुरतं चालायचं. परभणीहून नांदेडला पत्र असेल तर काम भागलं. परभणीहून पुण्याला पाठवायचं तर ब्रिटिश टपालाचं तिकीट हवं. संस्थानात छावण्या आणि मोठ्या गावांतून ब्रिटिश टपाल कचेऱ्याही होत्या, त्यामुळे एकाच शहरात दोन टपालं शेजारी-शेजारी चालत. म्हणून मराठवाड्यातून गेलेल्या पत्रावर व्हिक्टोरिया राणी दिसली तर गोंधळू नका. आणि एकाच पाकिटावर दोन्ही सरकारांची तिकिटं दिसली तर ते पाकीट वेगळं काढून ठेवा, जाणकाराला दाखवा. अशी जोड-तिकिटांची पाकिटं कमी असतात.

शिक्के मोजा. समोरचा शिक्का बहुधा निघाल्याचा, मागचा पोचल्याचा, मधले असतील तर वाटेतले. प्रत्येकाची तारीख काढा आणि वहीत एकाखाली एक मांडा. मग नकाशा घ्या. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज लाईन औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडवरून सुरू झाली. रुळाला लागून असलेल्या गावाचं पत्र आणि रुळापासून दूर असलेल्या गावाचं पत्र यांच्या दिवसांत काय फरक पडतो ते तुमच्या पाकिटांवरून तुम्हीच मोजू शकता. रूळ जिथे नाही तिथे हरकारा होता, थैली खांद्यावर घेऊन चालणारा किंवा धावणारा. त्याचं नाव कुठल्याच पाकिटावर नसतं. दोन शिक्क्यांमधल्या तारखांच्या फरकात तेवढा तो दिसतो.

पूर्ण हशील भरलं नसेल तर तसा शेरा किंवा जादा आकारणीचा शिक्का असतो. असं पत्र आलं की घेणाऱ्याला पैसे मोजावे लागत. गावाकडे याला ‘नॉटपेड’ म्हणत, उर्दूच्या वळणाने ‘बैरंग’. शेरा दिसला तर खराब पाकीट म्हणून टाकू नका, अभ्यासाला तेच जास्त उपयोगी.

पत्ता आणि मजकूर

पत्ता मोडीत असेल तर तिथे अडू नका. पुष्कळ शहरांत मोडीचे वर्ग चालतात, एक-दोन महिन्यांच्या सरावात पत्त्यापुरती मोडी वाचता येते, कारण पत्त्यातले शब्द ठरलेले. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, मग नाव, ‘यांस’, मग मौजे, तालुके, जिल्हे. आत ‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष. हे ठोकळे ओळखता आले की उरलेलं नाव आणि गाव एवढंच शोधायचं राहतं. उर्दू पत्त्यासाठी गावातल्या जुन्या उर्दू शाळेतले निवृत्त गुरुजी गाठा. मला तरी असं काम घेऊन गेल्यावर कुणी नाही म्हटलेलं नाही.

गावाचं नाव आजच्या नावाशी जुळलं नाही तर त्याच तालुक्यातली जुनी नावं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आणि पत्रात कुणाच्या आजारपणाची, कर्जाची, भाऊबंदकीची गोष्ट असेल तर ती त्या घरच्यांना विचारल्याशिवाय चारचौघांत मांडू नका.

विकत घेणार असाल तर

१८६९-७० च्या तिकिटांची नंतर पुनर्मुद्रणं निघाली, ती कोरी आणि ताजी दिसतात. एवढं जुनं तिकीट पांढऱ्याशुभ्र कागदावर, कडा शाबूत, आणि स्वस्तात मिळत असेल तर पैसे खिशातच ठेवा. शिक्का तिकिटावरून पाकिटावर सलग उतरला आहे का ते भिंगातून पाहा. शाईचा रंग मध्येच बदलला तर तिकीट नंतर चिकटवलेलं असू शकतं.

कोर्टफीचे आणि मुद्रांकाचे स्टॅम्पही ‘संस्थानी तिकीट’ म्हणून विकले जातात. कोल्हापूर किंवा सांगलीचं टपाल तिकीट म्हणून कुणी काही दाखवलं तर ते कोर्टफीचं किंवा महसुलाचं समजा, या संस्थानांनी टपाल तिकिटं काढलीच नाहीत. पश्चिम महाराष्ट्रात ती काढली भोरने. पंतसचिवांच्या भोर संस्थानात १८७९ मध्ये अर्धा आणा आणि एक आणा अशी दोन तिकिटं निघाली, हाताने ठसा मारलेली, देशी कागदावर, ना डिंक ना छिद्रं. १९०१ मध्ये शंकरराव पंतसचिवांचं चित्र असलेलं अर्ध्या आण्याचं तिकीट आलं. ही तिकिटं पाकिटावर टिकलेली मिळणं दुर्मीळ.

होळकरांच्या इंदूरची तिकिटं १८८६ पासून, धारच्या पवारांची १८९७ पासून. शिंद्यांच्या ग्वाल्हेरची गोष्ट निराळी. त्यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश टपालखात्याशी करार केला आणि ब्रिटिश तिकिटांवरच इंग्रजीत आणि देवनागरीत ग्वाल्हेरचं नाव छापून घेतलं. करार असल्यामुळे ती तिकिटं हिंदुस्थानभर चालत. निजामाने असा करार केला नाही, आपलं टपाल आपल्या हद्दीत ठेवलं, आणि म्हणूनच मराठवाड्याच्या पाकिटांवर ही दुहेरी तिकिटांची भानगड दिसते.

शेवटची पाकिटं

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि संस्थान भारतात आलं, पण निजामी तिकिटं त्या दिवशी बंद झाली नाहीत. १ एप्रिल १९५० ला हैदराबादचं टपाल भारतीय टपालात विलीन झालं. मधल्या दीड वर्षात गेलेलं पत्र, म्हणजे साधारण १३५८ आणि १३५९ फसलीचं, तुमच्या पेटीत आहे का ते मुद्दाम पाहा. राज्य बदललेलं, तिकीट जुनंच, आणि आत बहुधा त्याच घडामोडींची बातमी. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणी बोलून नोंदवल्या गेल्या, पण त्या दिवसांत माणसांनी एकमेकांना काय लिहिलं ते अशाच पेट्यांत पडून आहे.

सगळं वाचून झालं की प्रत्येक पाकिटाला एक क्रमांक द्या. वहीत लिहा: तिकीट, किंमत (हाली की कलदार), निघाल्याचं गाव आणि तारीख मूळ सनासह, पोचल्याचं गाव आणि तारीख, पत्त्याची लिपी, कुणाच्या घरातून मिळालं. सन बदलून लिहिताना मूळ आकडाही ठेवा, म्हणजे तुमची चूक पुढच्याला दुरुस्त करता येईल. पाकीट आम्लविरहित कागदात ठेवा, प्लॅस्टिकच्या चिकट अल्बममध्ये नको. डांबरगोळी कागदाला टेकू देऊ नका. पावसाळ्यानंतर एकदा पेटी सावलीत उघडून वाळवी आणि कसर लागली नाही ना ते बघा.